‘तिकडचं’ म्हणजे कुठलं?

आमच्या हाडंबाईंच्या तासाला ‘हजर’ म्हणायला बंदी होती. बाई हजेरीपट उघडायच्या, चष्मा नाकावर खाली ओढायच्या, नाव पुकारायच्या, आणि जिचं नाव येईल तिनं उठून शरीराच्या एका भागाचं नाव खणखणीत सांगायचं. ‘पाटील?’ ‘यकृत, बाई!’ ‘मुल्ला?’ ‘श्वासनलिका, बाई!’ ‘कांबळे?’ ‘मूत्राशय, बाई!’ दर सोमवारी बाई प्रत्येकीला नवा भाग वाटून द्यायच्या आणि तो आठवडाभर तिच्या गळ्यात पडायचा. ‘तुम्ही हजर हाय ते मला दिसतंय की,’ त्या म्हणायच्या, ‘डोळे हायत मला. तुमच्या आत काय हजर हाय ते सांगा.’ शेजारच्या वर्गात मराठीचे सर कविता शिकवत असायचे. त्यांच्या ऐन नाजूक ओळीवर आमच्या बाजूनं ‘मोठं आतडं!’ असा आवाज जायचा आणि सर मुकाट्यानं खिडकी लावून घ्यायचे.

ही नव्वदीतली गोष्ट. उचगावच्या बाजूला आमची मुलींची शाळा होती, आणि बाई तिथे जीवशास्त्र शिकवायच्या. हाडंबाई हे नाव आमच्या आधीच्या कुठल्यातरी मुलींनी ठेवलेलं, आणि ठेवणारीला बक्षीस द्यायला हवं होतं. बाई इतक्या वाळक्या होत्या की शाळेत सांगाडा नव्हता याची कुणाला खंत वाटली नाही. गळ्याखालचं हाड शिकवताना त्या पदर जरा सारून स्वतःच्या गळ्यावर खडू ठेवायच्या, ‘हे जत्रुक. घ्या लिहून.’ खडूची पांढरी रेघ मग दिवसभर तिथेच. मधल्या सुट्टीत डबा खाताना एकेक घास इतका वेळ चघळायच्या की बघणारीचं पोट भरायचं. आणि जवळ जाल तर लाळेवर व्याख्यान ऐकावं लागायचं.

चित्रकला म्हणाल तर आनंदच होता. बाईंनी फळ्यावर काढलेलं हृदय रताळ्यासारखं दिसायचं आणि जठर म्हणजे फुगलेला मोजा. एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं. बाई वळल्याही नाहीत. ‘चित्रकलेच्या बाईंकडं जा,’ फळ्याकडे बघतच म्हणाल्या, ‘त्या लई देखणं काढून देतील. फकस्त ते धडधडणार न्हाय.’ स्वतःच्या विषयापलीकडे जगात काही शिकण्यासारखं आहे असं त्यांना वाटतच नसे. इतिहासाला त्या ‘मेलेल्यांची चौकशी’ म्हणायच्या. भूगोलाबद्दल त्यांचं मत असं, की स्वतःची प्लीहा कुठे आहे हे ज्याला ठाऊक नाही त्यानं ब्राझील शोधत बसू नये. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्याशेजारी कुणी बसत नसे, आणि त्याचं त्यांना काडीचं वाईट वाटत नसे.

कोल्हापूरच्या पोरींना शरीर शिकवायला त्यांनी शोधलेली युक्ती मात्र कोल्हापुरातच सुचावी अशी होती. एका बुधवारी त्या सकाळी सकाळी मटणाच्या दुकानात जाऊन पिशवी भरून घेऊन आल्या आणि टेबलावर स्टीलच्या ताटात सगळं मांडून ठेवलं. काळीज, गुर्दा, फोपसा, वजडी, भेजा. माळकरी घरातल्या दोन-चार मुली तोंडाला रुमाल लावून व्हरांड्यात पळाल्या. बाकीच्या आम्ही टेबलाला चिकटलो. ‘हे काय?’ ‘गुर्दा, बाई!’ ‘हे?’ ‘वजडी!’ आम्ही एकही चुकलो नाही. बाईंनी कमरेवर हात ठेवले. ‘बघा! बकऱ्याचं सगळं पाठ. रविवारी ताटात काय पडलं ते अंधारात चाचपून सांगशीला. आन् स्वतःचं दुखायला लागलं की सगळं मिळून एकच, पोट! बकऱ्याला आतडी, तुम्हाला नुसतं पोट व्हय गं?’

तेव्हा वर्गात मानवी शरीराचे तक्ते टांगलेले होते. त्यातल्या एका तक्त्यावर हेडमास्तरांनी तपकिरी कागदाची जाड पट्टी चिकटवून घेतली होती. कमरेपासून मांड्यांपर्यंत सगळं गायब. बाईंनी आमच्या वर्गावर आल्या दिवशीच फडकं ओलं करून ती पट्टी भिजवली आणि नखानं खरवडून काढली. हेडमास्तर धावत आले तेव्हा त्या आमच्यासमोरच त्यांना म्हणाल्या, ‘सर, तुमच्या हिशोबानं बाईमाणूस कमरंला संपतंय आन् गुडघ्यापास्नं परत सुरू होतंय. मग मधनं पोरं कशी येत्यात? पोस्टानं?’ हेडमास्तर भला माणूस होता, पण भलेपणाशिवाय त्यांच्यात दुसरं काही नव्हतं. ते घसा खाकरून निघून गेले. तक्त्यावर गोंदाचा एक पिवळा डाग तेवढा राहिला.

प्रजननाचे धडे आले की इतर शाळांत काय व्हायचं ते आम्हाला ठाऊक होतं. ‘हे घरी वाचून घ्या’ म्हणून पानं उलटायची. जणू घरी आमचे आईबाप वाट बघत बसले होते समजावून सांगायला! हाडंबाईंनी ते धडे दोन आठवडे शिकवले. गर्भाशय, अंडाशय, योनी, सगळे शब्द हजेरीत वाटले गेले. मान खाली घातली की बाई खेकसायच्या, ‘वर बघून! चोरी केलीयस काय?’ एखादी ‘बाई, ते तिकडचं...’ म्हणाली की संपलंच. ‘तिकडचं म्हणजे कुठलं? तिकडं म्हणजे गडहिंग्लज? का बेळगाव? नाव हाय त्याला. नाव घे. नाव घेतल्याबिगर दुखणं सांगता येत न्हाय, आन् सांगितल्याबिगर बरं होत न्हाय.’ हे वाक्य त्यांनी आमच्या कानात इतकं ओतलं की आम्ही ते त्यांच्याच आवाजात, हात कमरेवर ठेवून म्हणून दाखवायचो.

माझ्या वाट्याला एका सोमवारी गुदद्वार आलं. आता सांगायला हसू येतं, पण त्या आठवड्यात मला जीव नकोसा झाला होता. मैत्रिणी रस्त्यानं मला त्याच नावानं हाक मारायच्या. आमच्याकडे मुलीही ‘जातो-येतो’च म्हणतात, तशी मी एकदा रडकुंडीला येऊन म्हणाले, ‘बाई, मी न्हाय म्हणत. दुसरं काय बी द्या, मी म्हणतो.’ बाई म्हणाल्या, ‘चौगुले, ते आठ दिवस बंद पडलं तर त्याचं नाव तू देवाच्या आधी घेशील. बस खाली.’

शनिवारी माझ्या धाकट्या भावानं रस्त्यात ती हाक ऐकली आणि घरी सगळं ओकून टाकलं. आमचे वडील, आबा, म्हणजे पाच म्हशींचे मालक, डेअरीला दूध घालणारे, गावात शब्दाला वजन असलेले. ते सोमवारी धोतर सावरत शाळेत हजर. सोबत गावातली आणखी दोन माणसं, कारण एकट्यानं बाईमाणसाशी भांडायची आबांची हिंमत नव्हती. वर्गाच्या दारातूनच गरजले, ‘बाई, पोरींना काय घाण शिकवायलायसा? आमच्यात असलं बोलत न्हाईत!’ मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

बाईंनी खडू खाली ठेवला. ‘या पावणं, आत या. म्हसरं किती तुमची?’ आबा गडबडले. ‘पाच.’ ‘बरी हायत सगळी?’ ‘एकीची कास सुजलीया. डाव्या सडातनं रक्त येतंय. डॉक्टरला आणलंतं काल.’ ‘आन् बाकीच्या?’ आबांना विषय आवडीचा. ते सुरूच झाले. एक गाभण आहे, एकीला माज येत नाही, व्याल्यावर एकीची वार वेळेत पडली नव्हती, म्हणून हात घालून काढावी लागली. भरल्या वर्गासमोर, पोरींसमोर, लाजेचा लवलेश नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आन् मालकीणबाई कशा हायत?’ आबा थांबले. ‘तिला... जरा बरं न्हाय.’ ‘काय होतंय?’ ‘असंच. बायकांचं.’ ‘किती दिवस?’ बरोबर आलेली माणसं छताकडे बघत होती. बाई म्हणाल्या, ‘म्हशीच्या सडाचं नाव घेतासा, आन् बायकोला नुसतं बरं न्हाय? तुमच्या गोठ्यात जल्माला आली असती तर बिचारी कवाच बरी झाली असती.’

आबा त्या दिवशी आल्या पावली परत गेले. पण आई खरंच आजारी होती, आणि ते बाईंना ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांनी आपला अंधारात दगड मारला होता. आईच्या अंगावरून महिनोन्महिने जात होतं. ती पांढरी फटक पडली होती, चूल पेटवता पेटवता भिंत धरायची, आणि घरात कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतं. आजी म्हणायची, वयाचं असतं. आईनं ते सगळं अंगावर काढलं होतं. बाईंनी आबांना चारचौघांत सोलून काढलं त्याच आठवड्यात आबा तिला दवाखान्यात घेऊन गेले. मला बरोबर नेलं, बोलायला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आई पदर चावत बसली आणि आबा खिडकीतून रस्ता बघायला लागले. मी उभी राहिले आणि हजेरीच्या आवाजात सांगितलं, ‘गर्भाशयातनं रक्त जातंय, डॉक्टर. चार महिने झाले.’ बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. गर्भाशयात गाठी निघाल्या, पिशवी काढली, आणि आई वाचली. ती आज पण मला जेवण कमी का करतेस म्हणून शिव्या घालते. आबा मात्र त्यानंतर बाई रस्त्यात दिसल्या की सायकलवरून उतरायचे.

बारावीनंतर मी नर्सिंगला गेले. निरोप घ्यायला गेले तर बाई म्हणाल्या, ‘नर्स व्हय? हो. डॉक्टर लोकांना पेशंटशी बोलाय येत न्हाय, कुणीतरी दुभाषी लागतंयच.’ आशीर्वाद म्हणून त्यांच्याकडून एवढंच मिळालं, आणि मी ते घेऊन खुशीत घरी आले.

पुढे मी शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात लागले. नवीन शतक उजाडलं होतं, बाई निवृत्त होऊन कसबा बावड्यात भावाकडे राहत होत्या. एका सकाळी बघते तर त्या हाडांच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर रांगेत बसलेल्या, शेजारी वहिनी. मला बघून खूश झाल्या. ‘चौगुले! हाडं दुखायला लागली बघ शेवटी. नावाला जागली.’ डावा खांदा दुखतो, हात जड झालाय, जरा सुजलाय, एवढंच म्हणाल्या. वहिनीनं भर घातली, ‘तेल लावून लावून मी दमले. सांधेवात हाय म्हणत्यात.’ डॉक्टरांनी खांद्याचा फोटो काढायला सांगितला.

फोटोच्या खोलीत मी त्यांना गाऊन घालायला मदत करत होते. त्या म्हणाल्या, ‘तू जा, माझं मी करते.’ पण हात वर जात नव्हता. मी ब्लाउजची बटणं सोडली आणि थांबले. डाव्या बाजूची कातडी आत ओढली गेली होती, काखेत हाताला लागतील अशा गाठी होत्या. मी इतकी वर्षं पेशंट बघत होते, मला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

‘कधीपासनं?’

‘मागल्या दिवाळीपासनं.’ वर्ष होत आलं होतं.

मला इतका संताप आला की मी विसरले, समोर कोण बसलंय. ‘बाई, तुम्ही? तुम्ही अंगावर काढलं? आमच्याकडनं मोठमोठ्यानं वदवून घेतलासा, आन् स्वतःच्या वहिनीला खांदा म्हणून सांगितलासा? त्या माउलीनं वर्षभर तेल चोळलं खांद्याला!’

बाई खाली बघत होत्या. त्यांना खाली बघताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. म्हणाल्या, ‘ओरडू नको. वर्गातलं अंग कुणाचंच नसतंय, चौगुले. तक्त्यावरलं असतंय. त्याचं नाव घ्यायला काय जातंय? हे माझं हाय.’ मग गाऊनची नाडी ओढत, ‘आन् डॉक्टर सगळे माझ्या पोरींचे नवरे न्हायतर भाऊ. वहिनीला सांगावं तर माझ्या भावाच्या कानावर जाणार. कुणाला सांगू? कुठं सांगू? त्या घरात दार लावायला मला एक खोली न्हाय.’

मी त्यांना तशीच वरच्या मजल्यावर सर्जनकडे घेऊन गेले. तिथे काय असतं तुम्हाला ठाऊक आहे. एक टेबल, दोन शिकाऊ डॉक्टर, उघडं दार, दारात पुढचा पेशंट आणि त्याचे चार नातेवाईक डोकावत. सर्जन कागदावरून मान न उचलता म्हणाले, ‘हां, मावशी, बोला. काय त्रास?’ बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सांगावं अशी त्यांची इच्छा होती. मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनीच सांगितलं, पण इतक्या बारीक आवाजात की सर्जन म्हणाले, ‘काय? मोठ्यानं बोला जरा.’ दारातली माणसं कान देऊन उभी. ज्या बाईच्या तासाचा आवाज मराठीच्या सरांना खिडकी लावायला लावायचा ती बाई दारातल्या माणसांकडे पाठ करून दुसऱ्यांदा बोलली. ‘स्तनात गाठ आहे,’ त्या म्हणाल्या, शुद्ध पुस्तकी मराठीत, आणि पदर इतका घट्ट ओढून घेतला की त्यांची बोटं पांढरी पडली. मी जाऊन दार लावलं. ते दार आधीच कुणी का लावलं नव्हतं, याचं उत्तर मला त्या दवाखान्यात कुणी दिलं नाही.

ऑपरेशन झालं, केमोच्या सुया झाल्या, किरणांचा शेक झाला. उशीर झाला होता. तरी त्या सव्वा वर्ष टिकल्या, आणि त्या सव्वा वर्षात पुन्हा मूळ पदावर आल्या. वॉर्डातल्या बायकांना लिम्फच्या गाठी समजावून सांगायच्या. नळी चुकीची लावली म्हणून एका शिकाऊ मुलीला त्यांनी पलंगावरून झापलं. केस गेल्यावर मला म्हणाल्या, ‘आता कवटी नीट शिकवता येईल बघ.’ मी हसले आणि मग बाहेर जाऊन बेसिनपाशी रडले.

त्या गेल्या तेव्हा पेपरात छापून आलं, ‘अल्पशा आजाराने निधन’. अल्पशा! बाई भाजून निघाली तो आजार ह्यांच्या लेखी अल्पसा. शाळेत शोकसभा झाली. नव्या हेडमास्तरांनी त्यांच्या शिस्तीबद्दल सांगितलं. जुन्या सरांनी त्यांच्या स्पष्टवक्तेपणाचं कौतुक केलं. ते जिवंतपणी कधी कुणाला सुचलं नव्हतं. ‘दुर्धर व्याधी’, ‘क्रूर काळ’, ‘नियतीचा घाला’, सगळं झालं, रोगाचं नाव तेवढं कुणी घेतलं नाही. मग मी उठले आणि सांगितलं, ‘बाईंना स्तनाचा कॅन्सर झाला होता. वेळेत सांगितला असता तर आज इथे बसून तुम्हाला शिव्या घातल्या असत्या.’ सभा गार पडली. वहिनी पुढच्या खुर्चीवर बसून होती. ती बाहेर पडताना माझ्याशी बोलली नाही, आणि तिचंही बरोबर होतं; ती तेल चोळत होती तेव्हा तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

मला बाईंचा राग आहे, तो अजून गेलेला नाही. इतकं शिकवलं आणि अर्धंच शिकवलं. मोठ्यानं बोलायला त्यांनी आम्हाला वर्गात उभं केलं. हळू बोलायची पाळी येते तेव्हा काय करायचं ते त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी पण तेच करायची. ‘तिकडचं’ म्हणणाऱ्या बायांवर भर रांगेत खेकसायची, ‘तिकडचं म्हणजे कुठलं? नाव घ्या!’ आणि मला वाटायचं, मी बाईंचा वारसा चालवतेय. आता मी आधी दार लावते. नवरा, सासू, नणंद, सगळी वरात बाहेर काढते. बाहेर जायला कुरकुर करणाऱ्या नवऱ्यांना मी जे बोलते ते इथे छापता येणार नाही. पडदा ओढते, स्टूल घेऊन बसते, आणि गप्प बसते.

परवा गडहिंग्लजकडची एक म्हातारी आली होती. बरोबरची सून म्हणत होती, पोट दुखतंय, पित्त आहे. सुनेला बाहेर बसवली. म्हातारी बराच वेळ पंख्याकडे बघत राहिली, मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘बाई गं, थानाला गाठ आलीया.’ मी शब्द दुरुस्त केला नाही. तिला आडवी केली, हात लावून बघितलं. काखेत काही नव्हतं. गाठ एवढीशी होती, हरभऱ्याएवढी, बोटाखाली सरकत होती. मी दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं, आणि मला पुढचं दिसेना.

‘सिस्टर,’ म्हातारी घाबरून उठून बसली, ‘का रडायलाय? लई वाईट हाय काय?’

‘न्हाय,’ मी म्हटलं. ‘वेळेत आलायसा. पडा गप.’